दर्शनाच्या हळदीची सुपारी

मंजुळा नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पडवीतल्या पाण्याच्या पिंपामागे बसून ती सुके बोंबील निवडत होती, आणि दारात तिच्या आयशीचं एका नाखव्याशी कडाक्याचं भांडण चाललं होतं. नाखवा म्हणजे होडीचा मालक. या नाखव्याच्या तीन होड्या होत्या आणि आवाज चार होड्यांचा होता.

"कागद हाय काय तुझ्याकडं? पंच बसले होते काय?" तो विचारत होता. "एका खलाशाच्या पोरीसाठी तू माझ्या घरचं लगीन सोडतेस?"

मंजुळाची आय धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी हिचा मान. हळदीला बसून ती धवले, म्हणजे लग्नातली मंगलगाणी, गायची, देवांना मांडवात बोलवायची, आणि मग त्या घरातली जी माणसं देवाघरी गेली त्यांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. मेलेली माणसं हाक मारल्याशिवाय येत नाहीत. जिवंत पाहुण्यांचं तसं नसतं. तर अशा बाईला बोलवायची एक रीत होती. लग्नघरची बाई येऊन तिच्या हातावर सुपारी ठेवायची, आणि धवलारीण ती आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायची. लग्न उरकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरच्या उंबऱ्यावर जाऊन गाठ सोडायची, सुपारी ठेवायची, चहा प्यायची आणि निघायचं. तोवर तिचा गळा त्या घरचा.

खलाशानं सुपारी आधी दिली होती. नाखव्याला त्याच दिवशी मुलाची हळद करायची होती.

"सोड ती गाठ," नाखवा म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"मला टोचते ना. आणिक कोण बघायला पायजे?"

"लिहून तर दिलं नाय ना कुणाला?"

"लिहून दिलं असतं तर फाडलं असतं, नाखवा. आणि सुपारी खाल्ली असती तर थुंकून टाकली असती. मी ती बांधली हाय."

नाखवा गेला. मग आय तासभर त्याला शिव्या घालत बसली, कारण त्याच्या मांडवात बोकडाचं जेवण होतं आणि खलाशाकडे सुकट आणि भात. आय काही देवी नव्हती. त्या हळदीला ती तोंड वाकडं करून गेली, पण गेली. शिव्या संपल्यावर तिला पिंपामागची पोर दिसली.

"काय ऐकलंस?"

"काय नाय."

"बरोबर ऐकलंस," आय म्हणाली आणि चुलीकडे वळली.

मंजुळाचं पुढचं सगळं आयुष्य त्या भांडणावर चाललं असं म्हटलं तरी चालेल. लग्न होऊन ती वरळीच्या कोळीवाड्यातच चार घरं पलीकडे गेली. पहाटे धक्क्यावर माल घ्यायचा, लालबागच्या बाजारात पाटी मांडायची, दुपार कलली की घरी. आयशीच्या मागे धवले तिच्याकडे आले. शाळा तिसरीपर्यंत, पण वाड्यातल्या साठ घरांची चार-चार पिढ्यांची गेलेली माणसं तिला तोंडपाठ. कुणाचा आजा तुफानात गेला, कुणाची आजेसासू बाळंतपणात गेली, कुणाचं नाव दोनदा घ्यायचं, कारण जिवंतपणीही तो माणूस एका हाकेत कधी उठला नव्हता. चाळीस वर्षांत तिनं किती सुपाऱ्या बांधल्या आणि सोडल्या याची मोजदाद नव्हती. एकही गाठ राहिली नव्हती एवढं मात्र तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता.

बाजारात तिच्या शेजारी बुधाबाय बसायची. तीस वर्षं दोघींच्या पाट्यांवर एकच ओलं फडकं. गिऱ्हाईक एकीकडे घासाघीस करायला लागलं की दुसरी भाव चढवून सांगायची, म्हणजे ते मुकाट पहिलीकडे वळायचं. शेवटी बुधाबाय अंथरुणाला खिळली तेव्हा मंजुळा रोज दुपारी तिच्या पायाशी जाऊन बसायची. बुधाबायचं एकच मागणं.

"माझ्या दर्शनाच्या हळदीला मी नसणार. माझं नाव तूच घे. आणि मोठ्यानं घे गो, मला ऐकायला कमी येतं."

दर्शना तिची नात. त्या वेळी लॉ कॉलेजात शिकत होती. बुधाबाय गेली, आणि दोन वर्षांनी, करोनाच्या आदल्या वर्षी, दर्शनाचं लग्न ठरलं. बुधाबायची सून चांगुणा सुपारी घेऊन आली. मागे तिचा नवरा तुळशीदास उभा होता, बुधाबायचा मुलगा. मंजुळानं सुपारी पदराला बांधली आणि त्याला म्हणाली, "आता तुझी आय आली असंच समज."

इथवर सगळं बरं होतं.

त्या दोन-तीन वर्षांत धवल्यांचे दिवस फिरले होते. मांडवाच्या दारात डीजेचे खोके लागायचे. मंजुळा कोपऱ्यात बसून देवाला हाक मारायची आणि बाहेर पोरं नाचायची. मागच्या एका हळदीला तर नवऱ्याच्या मामानं वाकून सांगितलं होतं, "मावशी, जरा आटपा, पोरांचा मूड जातोय." ती आटपली. पण घरी येऊन तिनं रिकाम्या खोलीत सगळे धवले पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले. ऐकायला भिंतीवरची पाल होती.

अशात एक दिवस बाजारात अमित आला. मोठ्या लोकांची लग्नं सजवायचा त्याचा धंदा. त्यानं सुरमईला बोट लावलं, बोट हुंगलं आणि रुमालाला पुसलं.

"मावशी, करी रोडला टॉवरमध्ये एक हळद आहे. कोळी थीम. आम्हाला काहीतरी ऑथेंटिक पाहिजे."

"ते काय असतं?"

"म्हणजे तुम्ही."

तारीख विचारली तर तीच, दर्शनाच्या हळदीची. मंजुळानं सांगितलं की त्या दिवशीचा शब्द दुसरीकडे दिलाय. अमितला त्याचं काही वाटलं नाही. तो म्हणाला, "स्टेज असेल, माईक असेल. सगळे बसून ऐकतील. तुमच्या गाण्याच्या वेळी डीजे बंद. व्हिडिओ काढू, जगभर जाईल."

मंजुळानं त्याला हाकललं. पण 'सगळे बसून ऐकतील' हे तेवढं मागे राहिलं, पाटीतल्या बर्फासारखं. तिचं वय साठीच्या पुढे गेलेलं. माईक तिनं उभ्या जन्मात हातात धरला नव्हता. अमित दुसऱ्या दिवशी आला तेव्हा इंग्रजी कागद घेऊनच आला, आणि तिनं त्याच्यावर तीन अक्षरं जुळवून 'मंजुळा' अशी सही केली. मनाला समजूत घातली की याच्याकडून सुपारी कुठं घेतली? नुसता कागद तर आहे.

चांगुणाला काय सांगायचं हे तिचं ठरलं नव्हतं. दोन दिवस आधी चांगुणा हळदीचं सामान दाखवायला आली, मंजुळानं तोंड उघडलं, आणि आतून घोगरी कुजबुज बाहेर आली.

"आवाज गेला गो बाय."

इतकं बेमालूम जमलं की तिची तीच चकित झाली. चांगुणा घाबरली. तिनं कपाळाला हात लावून पाहिला. "तू बोलू नको, अजिबात बोलू नको," असं म्हणत घरी पळाली आणि थोड्या वेळानं काढा आणि ज्येष्ठमधाच्या कांड्या घेऊन परत आली. "ह्या चघळत राहा मावशी. उतरेल. नाहीच उतरलं तर बघू, पण तू जिवाला लावून घेऊ नको."

आता खरं सांगायचं तर मंजुळानं जे केलं त्यात सगळ्यात वाईट हेच. खोटं तर माणूस बोलून जातो. पण त्या टॉवरमध्ये स्टेजवर चढायच्या आधी तिचा घसा कोरडा पडला, तेव्हा तिनं कनवटीची ज्येष्ठमधाची कांडी काढली आणि चघळली. चांगुणानं दिलेली. गळा मस्त सुटला.

स्टेजवर थर्माकोलची होडी होती. जाळी नायलॉनची, निळी, कधी पाणी न पाहिलेली. माशाचा वास कुणाला चालत नसावा, कारण सगळीकडे अत्तर फवारलं होतं. नवरीनं लुगडं नेसलं होतं आणि खाली पायात पांढरी पँट. मंजुळा माईकपुढे बसली. आणि अमितचा शब्द खरा ठरला. डीजे थांबला. दोनशे माणसं तिच्याकडे बघायला लागली. तिनं देवांना बोलावलं. आवाज वर छताला लागून परत तिच्याच कानात आला, आणि तिला वाटलं, एवढ्याचसाठी आपण जन्माला आलो होतो.

मग नावं घ्यायची वेळ आली. तिनं गाणं थांबवून समोरच्या लोकांना विचारलं, "तुमच्या घरची गेलेली माणसं कोण कोण?"

अमित धावत आला आणि कानाशी वाकला. "मावशी, निगेटिव्ह नको. हॅपी ठेवा."

नावाच्या जागी ती अडखळली. इतक्या वर्षांच्या सवयीनं जिभेवर एक नाव आलंच होतं, त्या दिवशी घ्यायचंच होतं ते. तिनं ते गिळलं. तेवढ्यात मागून गाणं सुरू झालं, पोरं स्टेजवर नाचत आली आणि कुणीतरी तिच्या हातातला माईक काढून घेतला. सगळं मिळून तीन मिनिटं झाली असतील. "जेवून जा मावशी," अमित म्हणाला. जेवायला मासे नव्हते.

त्याच घडीला कोळीवाड्यात तुळशीदासच्या दारात दर्शनाला हळद लागत होती. चांगुणानं दोन दिवस माहीमपर्यंत पायपीट केली होती, पण मुहूर्ताच्या दिवसात रिकामी धवलारीण कुठं मिळते? शेवटी एका पोरानं मोबाईलवर कुणाचे तरी धवले लावून फोन पाटावर ठेवला. त्यात बुधाबायचं नाव कुठून असणार?

खोट्याची गंमत अशी की ते एकदा बोलून भागत नाही. पुढचे दोन दिवस मंजुळाला कुजबुजत मासे विकावे लागले. "पापलेट कसं दिलं?" म्हणून विचारणारं गिऱ्हाईक आपणही कुजबुजायला लागायचं. चांगुणा लग्नाच्या धामधुमीतून काढा पाठवत राहिली, आणि मंजुळा तो पीत राहिली. कडू होता. आणखी कडू असता तर बरं, असं तिला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी तुळशीदास दारात आला. त्यानं हातातला मोबाईल पुढे धरला. थर्माकोलची होडी, निळी जाळी, आणि मंजुळा, देवांना बोलावत असलेली. आवाज एकदम स्वच्छ.

त्यानं ती तीन मिनिटं पूर्ण होऊ दिली. मंजुळाला वाटलं हा ओरडेल. वाड्यात तो ओरडण्यासाठीच प्रसिद्ध.

"माझी आय आली नाय मावशी," तो म्हणाला. "तिला कुणी बोलावलंच नाय."

मंजुळानं पदराची गाठ सोडायला घेतली.  सुपारी काढून तिनं पुढे केली. "घे रे बाबा. मी लायक नाय याला."

तुळशीदासनं हात मागे घेतले. "ही परत घेतली की तू सुटलीस. मला तुला सोडायचं नाय."

तो गेला आणि सुपारी तिच्या तळहातावर राहिली. ठेवायची कुठं? खायच्या सुपाऱ्यांच्या चंचीत टाकता येईना, फेकता येईना. शेवटी तिनं ती पुन्हा पदराला बांधली.

बाजारात तर भलतंच सुरू झालं. रोजची गिऱ्हाइकं पाटीपुढे उभी राहून म्हणायची, "मावशी, तुमचा रील पाहिला हं. काय आवाज आहे." कॉलेजच्या पोरी सेल्फी मागायच्या. एक म्हातारे मास्तर मुद्दाम दादरहून आले आणि म्हणाले, आपली संस्कृती तुमच्यासारख्यांमुळे टिकून आहे. मंजुळानं त्यांना वर दोन मांदेली जास्त टाकली आणि मान खाली घातली. शेजारची बुधाबायची जागा रिकामी होती. ती असती तर म्हणाली असती, संस्कृतीला म्हणावं, आधी बर्फ आण.

आठवड्याभरानं दर्शना माहेरी आली, तेव्हा ती मंजुळाच्या घरी आली. हातात हिरवा चुडा होता. खाटेवर बसली. मंजुळानं चहा ठेवला. साखर घालायची दोनदा विसरली, मग दोनदा घातली.

"आजी, बाबांना कोर्टात जायचं होतं," दर्शना म्हणाली. "मी थांबवलं."

"कशाला थांबवलंस? जाऊ दे त्याला. मी येऊन उभी राहते."

"तू उभी राहशील गं. पण मिळणार काय?" आणि मग ती पोर जे शिकली होती ते सांगत बसली, जणू मंजुळानं परीक्षेचा प्रश्न विचारला होता. "एकानं विचारलं, दुसऱ्यानं हो म्हटलं. काहीतरी दिलं-घेतलं. दोघं जाणती, कुणी कुणाला धाक घातला नाही, फसवलं नाही. झाला करार. कागद पाहिजेच असं नाही."

"म्हणजे माझ्या आयशीचं बरोबर होतं," मंजुळा म्हणाली. नाखवा आणि त्याचं ते 'लिहून तर दिलं नाय ना' तिला आठवलं. पन्नास वर्षांपूर्वी ती पिंपामागून बाहेर आली होती, आणि आता उलट्या बाजूला जाऊन बसली होती. नाखव्याच्या.

"तू तो मोडलास. आता मोडणाऱ्याकडून काय मिळतं? दिलेलं परत. आणि मोडल्यामुळे खरंच जे नुकसान झालं त्याची भरपाई. त्यातही कोर्ट विचारतं, नुकसान कमी व्हावं म्हणून तुम्ही काय धडपड केली, की हात बांधून बसलात? आई माहीमपर्यंत गेली, तेवढा आमचा टॅक्सीचा खर्च."

"आणि मला गायला लावत नाय काय कोर्ट?" मंजुळानं विचारलं. विचारताना तिला आशाच वाटत होती. कुणी हाताला धरून बसवावं, गा म्हणावं.

"नाही लावत. कुणाच्या गळ्यातून जबरदस्तीनं गाणं काढता येत नाही, असं कायदाच मानतो. फार तर आधी कळलं असतं तर, त्या दिवशी दुसरीकडे गाऊ नको म्हणून अडवता आलं असतं. तेसुद्धा वकील चांगला असता तर."

चहा उतू गेला. दोघींनी तो तसाच जाऊ दिला.

"एक सांगू का आजी? तुझा गळा खरंच बसला असता, तर तुझा काही दोषच नव्हता. माणसाच्या हाताबाहेरचं झालं की कायदा सोडतो. बाबांनीही सोडलं असतं. आई तर तुझ्यासाठी देवाला नारळ बोलली होती." ती थांबली. "माणूस सुटेल असं एकच कारण होतं, आणि तू नेमकं तेच सांगितलंस."

 मंजुळाला ज्येष्ठमधाचं सांगायचं होतं. ते कुणाला माहीत नव्हतं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, "तुझ्या आयशीनं दिलेला ज्येष्ठमध चघळून मी तिथं गायले."

दर्शनानं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. खिडकीबाहेर कुणीतरी जाळं वाळत टाकत होतं. 

"त्यांनी कागदावर सही घेतली होती ना? दाखव," ती शेवटी म्हणाली. मंजुळानं डब्यातून कागद काढला. दर्शनानं वाचला. "यात लिहिलंय, तू आली नाहीस तर भरपाई तू द्यायची. कार्यक्रम मध्येच बंद करायचा हक्क त्यांना. व्हिडिओ कायमचा त्यांचा. वाचून घेतलं होतंस?"

"चष्मा घरी होता."

"मग तो रील काढायला सांगता येणार नाही."

"राहू दे," मंजुळा म्हणाली. "मला दिसत राहिला पायजे." मग तिनं विचारलं, "आता गायले तर? तुझ्या घरी येऊन बसते. फक्त तुझ्यापुढे गाते."

"लग्नात वेळ हाच करार असतो आजी." दर्शना उठली. चहा राहिला तो राहिलाच. दारात जाऊन म्हणाली, "माझी हळद एकदाच झाली."

त्या दिवसानंतर मंजुळानं कुणाची सुपारी घेतली नाही. आयशीचा नेम होता, एक गाठ सुटल्याशिवाय दुसरी बांधायची नाही. लोक यायचे, ती सांगायची, पदर मोकळा नाय. काहींना वाटलं व्हिडिओमुळे भाव वाढलाय. रोज सकाळी अंघोळ झाली की ती जुन्या लुगड्याच्या पदरातली सुपारी सोडून नव्या पदराला बांधायची आणि बाजारात जायची. तुळशीदास वाटेत भेटायचा आणि तिच्या पाटीकडे बघत निघून जायचा. चांगुणा मासे दुसरीकडून घ्यायला लागली. मंजुळाला त्याचं काही नव्हतं, फक्त ती दुसरी बाई शिळे बोंबील विकते हे तिला सांगावंसं वाटायचं. करोना आला, बाजार बंद झाला, बाजार उघडला. गाठ बांधायची तिनं एक दिवसही सोडली नाही. सुपारीला एका बाजूनं भोक पडलं.

पाच वर्षांनी दर्शनाच्या धाकट्या भावाचं, ध्रुवचं, लग्न ठरलं. धवलारीण माहीमहून येणार होती, मनवा नावाची, तिशीतली. वही बघून गायची. मंजुळाला हे बाजारात कळलं. तिला बोलावणं येणार नव्हतं, आणि आलं नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी दर्शना पाटीपुढे उभी राहिली. आता ती शिवडीच्या कोर्टात वकिली करत होती. काळा कोट हातावर, पोर कडेवर.

"मनवाताईंना आमच्या घरची नावं माहीत नाहीत. बाबांना चार आठवतात, पुढे अडतात. तू मागे बसून तिला सांगशील?"

"तुझ्या बापसाला विचारलंस?"

"नाही. ते उठवतील कदाचित. उठवलं तर ऊठ."

मंजुळा म्हणाली, "पोराला ऊन लागतंय, डोक्यावर काय तरी टाक." हा तिचा होकार होता.

हळदीला ती सगळ्यांच्या मागून गेली आणि पाण्याच्या कळशांपाशी जमिनीवर बसली, मनवाच्या पाठीला पाठ लागेल अशी. मान वळवल्याशिवाय तिथून मांडव दिसत नव्हता, आणि मांडवातून ती सहज दिसत नव्हती. माईक मनवापुढे होता. पोरीचा गळा गोड होता. जागा चुकवत होती, पण गोड होता. नावांची वेळ आली तशी मनवानं मान जरा मागे केली आणि मंजुळा कुजबुजायला लागली. आजोबा. त्यांचा भाऊ, तुफानात गेलेला. काकी. मंजुळा कुजबुजायची आणि माईकमधून नाव मांडवात जायचं. कुजबुजता तर तिला चांगलंच येत होतं.

आणि मग बुधाबाय आली.

मनवा वाट बघत होती. मंजुळाच्या ओठांवर नाव होतं, आणि ते कुजबुजून सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिला मोठ्यानं घे म्हणून सांगितलं होतं. पण मोठ्यानं घेतलं की सगळे वळून बघणार, तुळशीदास बघणार, ऐन मांडवात तमाशा होणार, आणि पुन्हा एकदा आपल्याच गळ्याची हौस झाली असं लोक म्हणणार. कदाचित खरंही असेल. हा दर्शनाचा मांडव नव्हता. ती वेळ गेली होती, आणि आज कितीही ओरडलं तरी ती परत येणार नव्हती. एवढं सगळं एका श्वासात तिच्या मनात आलं.

मग तिनं हाक मारली. माईकशिवाय, कळशांच्या मागून, बाजारात शेजारणीला मारायची तशी. "बुधाबाय गो. ये गो बाय. नातवाची हळद हाय."

आवाज चिरका निघाला. पाच वर्षांत गळा गंजला होता.  बायका वळल्या. खांबाला धरून उभा असलेला तुळशीदास वळला आणि त्यानं तिला पाहिलं. मंजुळा मान वळवून, उठायच्या तयारीनं एक हात जमिनीला टेकवून बसली.

तो आला नाही. त्यानं खांब सोडला, पाठ फिरवली आणि उपरण्यानं तोंड पुसलं. मनवानं गळा साफ करून तेच नाव पुन्हा घेतलं, आणि पुढच्या नावासाठी मान मागे केली.

राग गेला की नाही हे मंजुळाला कळलं नाही, आणि तिनं कुणाला विचारलंही नाही. निघताना तिनं मनवाला सांगितलं, वही घेऊन बाजारात ये, साठ घरांची नावं देते, मी आता नवी सुपारी बांधत नाय.

लग्न उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे उठली. अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली, आणि जुन्या पदरातली सुपारी नव्या पदराला बांधली. मग पाटी काखेत मारून तुळशीदासच्या दारी गेली. मांडव अजून सोडला नव्हता. उंबऱ्यावर चपलांचा ढीग. तुळशीदास आत दात घासत होता. तिला बघून तो पुढे आला. तोंडात फेस होता. वाकून त्यानं चपला बाजूला सारल्या आणि उंबऱ्यावर हातभर जागा केली.

मंजुळानं गाठ सोडली. रोजची गाठ, चटकन सुटली. भोक पडलेली सुपारी तिनं उंबऱ्यावर ठेवली, भोक खालच्या बाजूला करून.

चांगुणानं चहा आणला. साखर कमी होती. मंजुळानं तो उभ्याउभ्याच प्यायला, कप विसळून पालथा ठेवला, मोकळा पदर कमरेला खोचला, आणि पाटी डोक्यावर घेऊन लालबागच्या वाटेला लागली.